खांब हलवू नका, बरगे निघते ठेवा

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळचा राधानगरी तालुक्यातला, आता राहायला कळंब्यात. इंजिनिअरिंग कोल्हापुरातच केलं, सहा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि दोन मित्रांबरोबर परत येऊन दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. वजन आणि फॅट मशिनवरून आमच्या प्रोग्रॅममध्ये येतं, पावती निघते, दहा दिवसांनी बिल निघतं. आज सव्वाशेच्या आसपास संस्था आमच्याकडे आहेत.

गावागावातल्या पाच-सहा पोरांनी आमच्या प्रोग्रॅमला आपापल्या जोडण्या केल्या. कुणी वेगळ्या कंपनीचा वजनकाटा जोडला, कुणी मराठीत एसएमएस, कुणी पशुखाद्याची उधारी, कुणी वेगळी पावती. आम्ही कुणाला अडवलं नाही. डेटाबेसचा पासवर्ड दिला आणि करा म्हटलं. खरं तर त्यामुळेच आम्ही वाढलो.

गेल्या श्रावणात एक अपडेट सोडला. फॅट आधी पूर्णांकात साठवत होतो, म्हणजे ६.५ असेल तर ६५. ते बरं वाटत नव्हतं म्हणून दशांशात केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा गावांत पावतीवर ६.५ च्या जागी ०.७ फॅट छापून आलं. रक्कम बरोबर होती, तरी भांडणं झाली. पावतीची जोडणी केलेल्या गडहिंग्लजच्या मुलानं 'इथून पुढं तुमचं काम नको' म्हणून सांगितलं. आणखी दोघं त्याच वाटेवर आहेत.

आमच्यातला एक जण म्हणतो, बाहेरच्यांना बंद करू, सगळं आपणच करू. दुसरा म्हणतो, सगळं मोडून मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या-छोट्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, नव्यानं लिहू. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही. काय करू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ०.७ पाशी थांबले. माझं माहेर भुदरगड तालुक्यातलं. आमच्या गावच्या संस्थेत पहाटे साडेपाचला रांग लागते. किटलीतलं दूध ओतलं जातं, काट्यावरचा आकडा स्थिरावतो, नमुना मशिनला लागतो आणि बोटभर पावतीवर वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम उमटते. दोन म्हशींवर घर चालवणारी बाई पावती हातात आली की आधी फॅट बघते, मग रक्कम. काल वैरण काय घातली, पेंड किती घातली, त्याचं उत्तर त्या आकड्यात असतं. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफवर धरतात हे तिला पाठ असतं. अशा बाईच्या हातात ०.७ ची पावती गेली. रक्कम बरोबर असली तरी त्या क्षणी सचिव तिच्या नजरेतून उतरला. सचिवानं पावतीवाल्या मुलाला फोन लावला आणि त्या मुलाकडे सांगायला काहीच नव्हतं, कारण त्यानं आदल्या रात्री काही केलंच नव्हतं. तो चिडून गेला असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटतं तो घाबरून गेला. पुन्हा कधी, कुठल्या सकाळी, आपण काही न करता आपलं नाव खराब होईल, हे त्याला आता सांगता येत नाही.

म्हणून अपडेट चुकला, चाचणी कमी पडली, असं म्हणून हे सोडून देऊ नका. चाचणी तर कमी पडलीच. पण मूळ दुखणं तुमच्या सॉफ्टवेअरच्या रचनेत आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून आहे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही लहानपणापासून बघताय. नदीत खांब कायमचे, खांबांना खाचा. पावसाळा ओसरला की त्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाच्या आधी बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पुराचं पाणी खांबांमधून निघून जातं. काढायला उशीर झाला की ओंडके आणि गाळ अडकतो आणि पाणी बगलेनं काठ खातं. अडवलेल्या त्या पाण्यावर काठचं केवढं जग जगतं! कुणाची घरची मोटर, कुणाची सहकारी पाणीपुरवठा संस्था, मैलभर वर नेलेली पाइपलाइन, तिच्यावरचा ऊस. त्यातल्या एकालाही बंधारा कसा बांधलाय हे माहीत असावं लागत नाही. पाणी कुठल्या पातळीला आणि कधीपासून कधीपर्यंत मिळणार एवढं कळलं की बास. बरगा कुठल्या वर्कशॉपमध्ये झाला यालाही महत्त्व नाही, तो खाचेत बसला पाहिजे. खाचेची रुंदी मात्र मनात आलं म्हणून बदलता येत नाही.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये खांब कुठला, खाच कुठली आणि बरगा कुठला हे कधी ठरलंच नाही. फॅट ६५ असं साठवणं हा तुमच्या लेखी बरगा होता, वाटेल तेव्हा काढावा असा. गडहिंग्लजच्या मुलानं तो खांब समजून त्याला दोर बांधला. त्याला दोष देता येणार नाही, कारण तुम्ही त्याला पासवर्ड दिलात तेव्हा सगळा डेटाबेसच त्याच्यासमोर खांब म्हणून उभा केलात. आर्किटेक्चर म्हटलं की आपल्याकडे फळ्यावर चौकोन आणि बाण काढतात. तुमच्या धंद्यात त्याचा अर्थ मला एवढाच दिसतो: काय बदलणार नाही याचा शब्द दुसऱ्याला द्यायचा, आणि बाकी सगळं बदलायची मोकळीक स्वतःकडे ठेवायची. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ सालीच मांडलं होतं की प्रोग्रॅमचे भाग पाडताना जो निर्णय पुढं बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागाच्या आत लपवावा. फॅट कसं साठवायचं हा अगदी तसाच निर्णय. तो लपलेला असता तर श्रावणातली ती सकाळ नेहमीसारखी गेली असती.

फायरफॉक्सची गोष्ट तुमच्या गोष्टीशी इतकी जुळते की ती जरा सविस्तर सांगते. या ब्राउझरच्या जुन्या अ‍ॅड-ऑनना, म्हणजे बाहेरच्यांनी केलेल्या जोडण्यांना, आतल्या जवळजवळ कुठल्याही भागाला हात घालता यायचा. मेनू बदला, टूलबार बदला, पान उघडण्याची पद्धत बदला, सगळी मुभा. त्यामुळे हजारो अ‍ॅड-ऑन तयार झाले आणि त्यांच्यासाठी लोक फायरफॉक्सकडे आले. तुम्ही लिहिलंय ना, 'त्यामुळेच आम्ही वाढलो', तसंच. पण पुढं तीच मुभा पायातली बेडी झाली. एक टॅब अडकला की सगळा ब्राउझर अडकू नये म्हणून त्यांना तो अनेक प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या तुकड्यांत, विभागायचा होता, आणि जुने अ‍ॅड-ऑन तर सगळं एकाच प्रोसेसमध्ये आहे असं धरून लिहिलेले. आतली वीट हलवली की बाहेर कुणाचं तरी छप्पर पडायचं. शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं जाहीर केलं की जुनी पद्धत जाणार, आणि १४ नोव्हेंबर २०१७ ला आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये ती बंद झाली. ठरावीक, आखून दिलेला नवा इंटरफेस वापरणारे अ‍ॅड-ऑनच तेवढे चालू राहिले. ब्राउझर वेगवान झाला हे खरं, आणि वर्षानुवर्षं फुकट काम करणाऱ्या अनेक लेखकांचं काम एका दिवसात निकामी झालं हेही खरं. काहींनी नव्यानं लिहिलं, काही कायमचे गेले.

मला २०१७ चा निर्णय चुकीचा वाटत नाही. हद्द आखायला जितकी वर्षं लागली तितकी तिची किंमत वाढत गेली, एवढंच. त्यांच्यापुढं हजारो अ‍ॅड-ऑन होते, तुमच्यापुढं सहा आहेत. सहाच्या सहा मुलांना एका खोलीत बसवून चहा पाजता येईल अशा वेळी तुम्हाला ही ठेच लागलीय, हे मी तुमचं नशीब समजते.

आता तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं घेऊ. सगळं बंद करू, आपणच करू. हे सरसकट वेडेपणाचं नाही. पैशाचा हिशेब ज्यात आहे तो भाग बंदच असावा, दर काढण्याचं आणि बिलाचं काम तुमच्याशिवाय कुणाच्या हातात असता कामा नये. पण शाहूवाडीच्या टोकाला असलेल्या एका संस्थेनं कुठल्याशा जुन्या कंपनीचा काटा घेऊन ठेवलाय, तो तिथल्याच एका मुलानं जोडून दिलाय, हे तुम्हा तिघांना कळंब्यात बसून कधी कळलं असतं? आणि कळलं असतं तरी एका काट्यासाठी तिथं कोण गेलं असतं? ती मुलं आहेत म्हणून तुमचं सॉफ्टवेअर त्या टेबलावर आहे. ती गेली तर संस्था लगेच जाणार नाहीत. पण पुढचा काटा बदलला, पुढचा सचिव बदलला, की एकेक करून जातील, आणि का गेल्या हे तुम्हाला नीट समजणारही नाही.

दुसऱ्या मित्राला माझा निरोप द्या की त्याला जे हवंय ते बरोबर आहे, वाट चुकीची आहे. त्याला भाग वेगळे हवेत. पण भाग वेगळे करणं आणि ते वेगवेगळ्या सर्व्हिस म्हणून नेटवर्कवर चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या संस्थेत टेबलावर एक कॉम्प्युटर असतो, यूपीएसची बॅटरी दोन वर्षं बदललेली नसते, पावसात लाईट जाते आणि मोबाइलला रेंज खिडकीपाशी. तिथं आठ सर्व्हिस एकमेकींशी नेटवर्कवर बोलायला लावल्या तर बिघडायच्या जागा आठपट होतील. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं २०२३ मध्ये जाहीरपणे लिहिलं की व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी त्यांची विखुरलेली यंत्रणा त्यांनी एकाच प्रोसेसमध्ये आणली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांनी घटला. त्यांच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही होतं, तरी त्यांनी तुकडे परत जोडले.

उलट, एकच प्रोग्रॅम ठेवूनही आतली गुंतागुंत सोडवता येते. नेटस्केपनं १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, त्यातूनच पुढं मोझिला झालं. पण तो कोड एका कंपनीत, एकत्र बसणाऱ्या माणसांनी लिहिलेला, इतका एकमेकांत गुंतलेला होता की बाहेरच्याला हात घालणं अवघड जायचं. मग त्यांनी तो मुद्दाम सुटासुटा करून पुन्हा रचला. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २००६ साली या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका फाइलमध्ये बदल केला तर तो किती फाइलपर्यंत पोचू शकतो हे त्यांनी मोजलं. सुरुवातीचं मोझिला लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा बरंच जास्त गुंतलेलं निघालं आणि नव्यानं रचल्यावर तो पसारा कितीतरी कमी झालेला दिसला. मेहनत कोणाचा धागा कोणाला बांधलाय यावर झाली होती.

आणि 'सगळं नव्यानं' हे शब्द उच्चारताना पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची आठवण ठेवा. तिची तिसरी, जुन्या कोडशी न जुळणारी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, दुसरीची देखभाल थांबली १ जानेवारी २०२० ला. अकरा वर्षं जगाला दोन्ही सांभाळावी लागली. तुमचा दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, दर दिवाळीला ठरलेल्या वेळी निघायला लागतो. तुम्हाला अकरा वर्षं कोण देणार?

मग करायचं काय? पहिलं काम या आठवड्यातलं आहे. डेटाबेसमधल्या संकलनाच्या टेबलाचं नाव बदला आणि जुन्या नावानं एक व्ह्यू, म्हणजे त्या टेबलातली माहिती हव्या त्या रूपात दाखवणारी खिडकी, तयार करा. त्या व्ह्यूमध्ये फॅट पूर्वीसारखंच, दहानं गुणून, पूर्णांकात द्या. आत तुम्ही दशांश ठेवा, उद्या आणखी काही ठेवा, बाहेरून बघणाऱ्याला ६५ च दिसलं पाहिजे. जुना पासवर्ड बंद करा आणि मुलांना फक्त व्ह्यू वाचता येतील असा वेगळा लॉगिन द्या. पशुखाद्याच्या उधारीवाला मुलगा तुमच्या टेबलात लिहीतही असणार, त्याचं वेगळं बघावं लागेल. त्याच्या उधारीचं टेबल त्याचं त्याला राहू दे आणि बिलातली कपात तुमच्याकडे मागणी म्हणून येऊ दे, ती लागू करायची की नाही हे तुमचा प्रोग्रॅम ठरवील. एवढ्यानं रचना सुधारली असं होत नाही. हा तात्पुरता टेकू आहे. पण टेकूमुळे मुलांची झोप परत येईल आणि तुम्हाला नीट विचार करायला सवड मिळेल.

त्यानंतर खांब ठरवा, आणि ते थोडे ठेवा. तुमचं पत्र वाचून मला चार दिसतात: दुधाची नोंद, सभासद, बिलातली कपात आणि मशिनवरून येणारं वाचन. यापलीकडे आज काहीही बाहेर देऊ नका, कुणी गळ घातली तरी. दिलेलं परत घेता येत नाही. जे देणार ते मात्र अक्षरशः लिहून द्या. नुसतं 'फॅट' असं नाव ठेवू नका, 'फॅट टक्के' ठेवा, आणि लिहा की हा आकडा आहे, मजकूर नाही, एक दशांश स्थळ, म्हशीसाठी आणि गाईसाठी सारखाच. वजन असेल तर किलो की लिटर ते नावातच असू दे. एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडं जड असतं, आणि त्या थोड्यावरून गावात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

काट्यांचंच बघा. काटा सिरियल पोर्टवरून अक्षरांची एक ओळ पाठवत राहतो. एका कंपनीच्या ओळीत आधी अधिक चिन्ह, मग मोकळ्या जागा, मग वजन, दुसऱ्या कंपनीच्या ओळीत वजनाच्या आधीच काही अक्षरं. हा सगळा गोंधळ त्या काट्याच्या जोडणीच्या आत मरू दे. तिनं तुमच्या प्रोग्रॅमला दोनच गोष्टी सांगायच्या: वजन किती किलो, आणि आकडा स्थिर झालाय की नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंग एका शेडमध्ये होतं, मशिनिंग दुसऱ्या, थ्रेड तिसऱ्या, आणि ही माणसं एकमेकांच्या शेडमध्ये डोकावत नाहीत, कारण ड्रॉइंगवर एम १० चा बोल्ट म्हटलं की पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, १.५ मिलिमीटर हे सगळ्यांना कळतं. तुमचे ते चार खांब म्हणजेच बाहेरच्यांसाठी चार दारं, आणि तीच तुमचं ड्रॉइंग. ते मराठीत लिहा, चार पानांत मावेल असं, आणि त्यावर टॉलरन्सही लिहा: आकडा आला नाही तर काय समजायचं, उशिरा आला तर किती वाट बघायची.

रंकाळ्यावर भेळवाल्याच्या गाडीवर जो क्यूआर कोड चिकटवलेला असतो त्यामागं हीच शिस्त आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं. प्रत्येक बँकेची आतली यंत्रणा वेगळी, प्रत्येक अ‍ॅप वेगळं, पण मधली बोलायची भाषा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं एकच ठरवून दिली. भेळवाल्याचं खातं कुठल्या बँकेत आणि तुमचं अ‍ॅप कुणाचं, हे एकमेकांना विचारावं लागत नाही. दार अरुंद आणि ठरलेलं, म्हणून त्यातून इतकी माणसं जाऊ शकली.

मुलांना तुमच्या प्रोग्रॅमच्या कामात मध्येच काही करायचं असेल, उदाहरणार्थ नोंद झाली की एसएमएस, तर त्यासाठी तुम्ही हाक मारायची जागा ठेवा. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या प्रोग्रॅमनं २००४ मध्ये प्लगिनसाठी, म्हणजे बाहेरच्यांच्या जोडण्यांसाठी, अशा जागा ठेवल्या आणि त्यांच्यावर प्रचंड जग उभं राहिलं. तिथली एक उणीव मात्र घेऊ नका. वर्डप्रेसचा प्लगिन मूळ प्रोग्रॅमबरोबर एकाच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे एक प्लगिन कोसळला तर अख्खी साइट बसू शकते. तुमच्याकडे जोडण्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा आणि प्रत्येकीला वेळेची मर्यादा घाला. एसएमएस गेला नाही तर नंतर जाईल. पहाटेची रांग थांबता कामा नये.

दिलेला शब्द किती काळ पाळायचा? माझं मत, एक पूर्ण दूध फरक होऊन जाईपर्यंत. वर्षभराच्या दुधावर फरक निघतो, तेव्हा जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या जातात आणि लपलेली चूक तिथं वर येते. दार बदलायचंच असेल तर नवं दार शेजारी उघडा, जुनं त्या दिवाळीपर्यंत चालू ठेवा आणि मग बंद करा. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांसाठीची एकच सांकेतिक पद्धत, सगळीकडे पोचायच्या आधी आम्ही एका सहकारी संस्थेसाठी सभासदांची नावं एका फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक पद्धतीत साठवली होती. तो फॉन्ट असेपर्यंत नावं, नसेल तर नुसती चिन्हं. तेव्हा ते सोयीचं वाटलं. काही वर्षांनी ती सगळी नावं युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटली, 'सुऱ्या' आणि 'सूर्या' एक झाले, आणि म्हाताऱ्या सभासदांना आपलं नाव बरोबर आहे हे सांगायला ऑफिसात यावं लागलं. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीला आम्ही खांब समजलो होतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. जसं ती मुलं तुमच्यावर टेकलीत, तसे तुम्हीही कुणावर तरी टेकलेले आहात. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरची मोठमोठी प्रोजेक्ट बांधली जाईनात. मार्च २०२४ चा एक्सझेडचा प्रकार तर रचनेच्या दृष्टीनं फार शिकण्यासारखा आहे. एकट्यादुकट्यानं सांभाळलेल्या, फाइल आक्रसून लहान करणाऱ्या त्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये), दोनेक वर्षं विश्वास कमावलेल्या कुणीतरी चोरदार घातलं. ओपनएसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या प्रोग्रॅमला ती लायब्ररी लागतच नव्हती. काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमशी जोडलं, सिस्टमडीची लायब्ररी एक्सझेडची लायब्ररी बरोबर घेऊन आली, आणि एवढ्या लांबच्या नात्यानं चोर थेट दारात पोचला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून तो सापडला. तुमच्या प्रोग्रॅमबरोबर काय काय ओढून आलंय याची यादी एकदा काढा, नको ते तोडा, हवं त्याची आवृत्ती गोठवून प्रत स्वतःकडे ठेवा.

काट्यांच्या जोडण्यांसाठी लिनक्सची एक रीत उचला. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. पण आतल्या ड्रायव्हरांसाठी, म्हणजे एकेक यंत्र जोडणाऱ्या कोडसाठी, असला शब्द त्यांनी मुद्दाम दिलेला नाही. त्याऐवजी ते म्हणतात, तुमचा ड्रायव्हर आमच्याच कोडमध्ये आणून ठेवा, मग आतली जोडणी बदलणारा माणूसच तुमचा ड्रायव्हरही नीट करील. सगळे काटे असे एकत्र आणा, प्रत्येकावर ज्यानं केला त्याचं नाव ठेवा. ज्यांना आपला कोड आपल्याकडेच ठेवायचाय त्यांच्याकडून निदान एक छोटी चाचणी मागून घ्या आणि अपडेट सोडण्याआधी ती तुमच्याकडे चालवा. 'नोंद ६.५ दिली तर पावतीवर ६.५ दिसलं पाहिजे', एवढी एक ओळ तुमच्याकडे असती तर श्रावणातला अपडेट संध्याकाळीच थांबला असता.

एक गोष्ट कोडच्या बाहेरची. मेल्विन कॉनवे या संगणकशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये लिहिलं की संस्था ज्या यंत्रणा घडवते त्यांची रचना तिच्या आतल्या बोलण्याचालण्यासारखीच होते. तुम्ही तिघं एका खोलीत बसता, हाक मारली की ऐकू येतं, म्हणून तुमच्या प्रोग्रॅममध्येही कुणीही कुणाच्याही टेबलात हात घालतो. ती सहा मुलं त्या खोलीत कधीच नव्हती. श्रावणात तुम्ही फॅटचं बदलायचं ठरवलंत तेव्हा ते तुमच्या तिघांत दोन मिनिटांत ठरलं असणार. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवा आणि अपडेट सोडण्याआधी काय बदलतंय ते वाचून दाखवा. आणि एक अवघड विषय तुम्हीच काढा: उद्या तुम्हीच मराठी एसएमएस मूळ प्रोग्रॅममध्ये घातलात तर ते करून पोट भरणाऱ्या मुलाचं काय? ज्यांची भाकरी तुम्ही घेणार नाही त्यांची नावं लिहून द्या. घ्यायचीच असेल तर वर्षभर आधी सांगा, आणि त्याचं काम विकत घ्या.

सुधारणा होतेय की नाही हे बघायला मोठी मोजमापं नकोत. पुढचा अपडेट सोडल्यावर किती जोडण्यांना हात लावावा लागला ते मोजा. एखाद्या नव्या मुलाला ती चार पानं देऊन बघा, तुम्हाला फोन न करता त्याची पहिली जोडणी किती दिवसांत चालते ते. आणि सहापैकी एक जण उद्या नोकरीला पुण्याला गेला तर कुठल्या गावात काय थांबेल, हे आज कागदावर लिहून ठेवा.

गडहिंग्लजच्या मुलाला फोन मात्र लगेच करू नका. आधी तो व्ह्यू करा. मग ज्या अठरा गावांत गडबड झाली त्यातल्या एका संस्थेत पहाटे स्वतः जा, सचिवांना विचारून त्याची जुनी जोडणी, एका अक्षराचाही बदल न करता, त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवा आणि पहिल्या चार पावत्या डोळ्यांनी बघा. ०.७ ची पावती ज्या बाईंच्या हातात गेली होती त्या रांगेत असतील तर त्यांना काय झालं होतं ते तुमच्या तोंडानं सांगा, सचिवांवरचा आळ तिथंच उतरवा. नंतर संकलन संपलं की तिथूनच त्या मुलाला फोन लावा आणि सांगा की तुझा कोड आहे तसाच चालतोय, चूक आमची होती, आणि पुढची चार पानं लिहायला तू बरोबर बसावंस अशी इच्छा आहे.